पोस्टडॉकचा फ्लेक्स लागत नाही

नीटचा निकाल लागला की लातूरच्या चौकाचौकांत पोरापोरींचे फोटो झळकतात. खाली गुण, त्याखाली रँक आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत क्लासचं नाव. पीएचडी झाली तर एखादा हौशी चुलता गावच्या फाट्यावर फ्लेक्स लावतो. पोस्टडॉक मिळालं म्हणून लागलेला फ्लेक्स मात्र मी लातुरात पाहिला नाही, नांदेडातही नाही. लावायचा म्हटलं तरी त्यावर लिहिणार काय? गुण नसतात, रँक नसते. निवड कुणी केली आणि कशासाठी केली, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला एका ओळीत सांगता येत नाही.

पुढचा वाद अशाच एका घरातला आहे. मामा लातूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. लातूर पॅटर्न त्यांनी बाहेरून वाचलेला नाही, फळ्यावर राबवलेला आहे. भाचीची नांदेडची पीएचडी, विषय हाडाच्या ऊतींसाठी लागणारे जैवपदार्थ. नवरा नांदेडला बँकेत. ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि रात्री पोस्टडॉकसाठी मेल लिहिते. नावं कुणाचीच देत नाही.

मामा : मला एक सांग. एमएस्सी झाली, सेट झाली, पीएचडी झाली. आता हे पोस्टडॉक. डॉक्टर झाल्यावर बी शिकायचंच असतं का?

भाची : शिकायचं नसतं मामा, काम करायचं असतं. पैसे मिळतात.

मामा : पगार का स्टायपेंड?

भाची : फेलोशिप म्हणा. केंद्र सरकारच्या दरानं रिसर्च असोसिएटला सुरुवातीला महिना ५८,००० रुपये आणि वर घरभाडं. जानेवारी २०२३ पासून हाच दर आहे. तासिकांवर मला जे मिळतं त्याच्याशी ताडून बघा.

मामा : पीएफ?

भाची : नाही.

मामा : किती वर्षं?

भाची : दोन. फार तर तीन.

मामा : आणि मग?

भाची : मग पुढचं.

खरा वाद या ‘मग पुढचं’वर आहे. मामांच्या आयुष्यात पुढचं कायम ठाऊक असायचं. अभ्यासक्रम ठरलेला, परीक्षेची तारीख ठरलेली, निकालाची पद्धत ठरलेली. एवढं ठरलेलं असलं की कष्ट करणारा लातूरचा पोरगा कुणालाही मागं टाकतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे १९९४ मध्ये नांदेडच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, हे ते अजूनही घरातली गोष्ट असल्यासारखं सांगतात.

मामा : मला विषय तरी नीट समजू दे. टिश्यू इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय करायलीस तू?

भाची : हाडाचा तुकडा गेला की मधे पोकळी राहते. शरीराच्या पेशी ती भरायला बघतात, पण पोकळी मोठी असली तर त्यांना धरायला काहीच नसतं. कारल्याच्या वेलाला आपण मांडव घालतो ना, तसा पेशींना मांडव घालायचा. फरक एवढाच की वेल जून झाला की हा मांडव आपोआप विरघळून गेला पाहिजे. मी कायटोसान आणि हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट यांचा तो मांडव करते. कोळंबी-खेकड्याच्या कवचातलं एक, आणि हाडातलंच खनिज दुसरं.

मामा : आणि हे कधीपासून चाललंय जगात?

भाची : नावारूपाला आलं ते मे १९९३ मध्ये. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकँटी या दोघांनी ‘सायन्स’मध्ये लेख लिहिला, टिश्यू इंजिनिअरिंग याच नावाचा.

मामा : मे ९३. आणि सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप. तिकडं अवयव घडवायचे लेख छापून यायलेत आणि इकडं आम्ही दगडाखालून माणसं काढायलोत.

भाची : त्या माणसांची हाडंच मोडली होती ना मामा?

मामा यावर गप्प राहिले. मला वाटतं, भाचीला तो प्रश्न एवढ्या धारेनं विचारायचा नव्हता.

विषय तिथून हलला तो तिच्या अडचणीवर. ती अडचण तिच्या एकटीची नाही. मराठवाड्यातच काय, जिल्ह्याच्या ठिकाणच्या कितीतरी संशोधन केंद्रांत पदार्थ तयार होतो, त्याचे एक्सआरडी-एफटीआयआरचे आलेख निघतात, बाहेरून पैसे भरून सेमचे, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे, फोटो येतात, पेपर छापून होतो. त्या पदार्थावर पेशी मात्र कधी वाढलेली नसते.

भाची : पेशी वाढवायच्या म्हणजे ३७ अंशांवर चालणारं, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडचं इन्क्युबेटर लागतं. दिवसरात्र. रात्री लाइट गेली आणि जनरेटर उचलला नाही की सकाळी सगळं मेलेलं. सीरम महाग. वर बुरशी लागली की पंधरा दिवसांचं काम कचऱ्यात. आमच्याकडं ती खोलीच नव्हती. मी माझे नमुने पुण्याला दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत पाठवले, त्यांनी एमटीटी चाचणी करून आकडे पाठवले.

मामा : मग झालं की काम.

भाची : आकडे आले, मामा. मी ती प्लेट बघितलीच नाही. ९६ छोटे खळगे असतात. पिवळं द्रावण घालायचं आणि काही तास थांबायचं. जिथं पेशी जिवंत तिथं जांभळे स्फटिक धरतात. कडेच्या खळग्यांत बाष्पीभवनानं आकडा बिघडतो, म्हणून जाणती माणसं कडेला नमुना ठेवतच नाहीत. आणि कायटोसानच्या जाळीतच थोडं द्रावण अडकून बसतं, त्यामुळं पेशी नसतानाही रंग दिसू शकतो. हे मला पेपर वाचून कळलं. हातानं कळायला पाहिजे होतं.

मला विचाराल तर सगळ्या वादाचं मूळ इथं आहे. पोस्टडॉक म्हणजे नोकरीची पायरी, असं धरलं की मामांचे सगळे प्रश्न बरोबर ठरतात आणि भाचीकडं उत्तर राहत नाही. पीएचडीत जे हाताला लागलं नाही ते लावून घ्यायची पगारी मुदत, असं धरलं तर प्रश्न बदलतो. मग ‘कुठं जागा आहे’ हे नंतर येतं. ‘माझ्या हाताला काय येत नाही आणि ते कुणाच्या खोलीत येतं’ हे आधी.

भाची लँगरचाच दाखला देते. १९७४ मध्ये एमआयटीतून केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घेतली तेव्हा तेल कंपन्या नोकऱ्या घेऊन दारात उभ्या होत्या. हा गडी गेला बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात, जुडा फोकमन नावाच्या सर्जनकडं, पोस्टडॉक म्हणून. इंजिनिअर असून डॉक्टरांच्या घोळक्यात. पुढचं जे काही झालं ते त्या खोलीबदलातून झालं.

मामा : आणि दारात तेलकंपनी नसलेल्याचं काय? त्यांना पडायला गादी होती, म्हणून उडी मारली. तुझ्या मागं कोण उभंय? बरं, जाऊ दे. जाहिरात कुठं येते याची?

भाची : बऱ्याच वेळा येतच नाही. एक रस्ता म्हणजे आपण स्वतः फेलोशिप मागायची. आधी सर्ब, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप होती. २०२३ च्या कायद्यानं त्या जागी एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, आता ती त्यांच्याकडं आहे. त्यासाठी आधी एक मार्गदर्शक शोधून त्याची संमती घ्यावी लागते आणि त्याच्यासोबत प्रस्ताव लिहावा लागतो. दुसरा रस्ता, एखाद्याच्या प्रकल्पात रिसर्च असोसिएटची जागा असते. ती त्या संस्थेच्या संकेतस्थळावर दोन-तीन आठवडे दिसते आणि जाते.

मामा : मग मोठ्यातल्या मोठ्या माणसाला लिही. नाव असलेल्याला.

भाची : तिथंच फसतं. त्या नॅशनल फेलोशिपमध्ये एका मार्गदर्शकाकडं एका वेळी दोनच जण चालतात. नामवंत माणसाकडं ते दोघं आधीच असतात. त्यापेक्षा नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा उभी केलेला, हाताशी माणूस नसलेला प्राध्यापक बरा. तो उत्तर तरी देतो.

मामा : वयाची अट?

भाची : पस्तीस. महिलांना, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सूट.

मामांनी इथं बोटं मोजली. आपल्याकडं एमएस्सी होते तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी. मग सेट-नेटचे दोन-तीन प्रयत्न, तासिकांवर शिकवणी, त्यातच पीएचडीची नोंदणी. दिवसा तास, परीक्षेचं सुपरव्हिजन, नॅकच्या फायली. उरलेल्या वेळात संशोधन. बार्टी, सारथी, महाज्योतीची फेलोशिप मिळाली तर बरं, तीही कधी वेळेवर येते, कधी आंदोलन करून येते. व्हायवा होईस्तोवर तेहतीस-चौतीस सहज. खुल्या गटातल्या मुलाच्या हातात पदवीच्या कागदाबरोबर एखादं वर्ष पडतं.

मामा : म्हणजे उशीर करायला लावायचा यांनीच, आणि दार बी लावायचं यांनीच.

या वाक्यावर भाचीनं मामांशी वाद घातला नाही, आणि मीही घालणार नाही. पुण्या-मुंबईच्या संस्थेत सलग फेलोशिपवर अठ्ठाविसाव्या वर्षी पीएचडी झालेला आणि परभणी-हिंगोलीत शिकवता शिकवता झालेला, दोघांना एकच जन्मतारखेची पट्टी लावणं अन्यायाचं आहे. युरोपातल्या काही योजना घड्याळ जन्मापासून लावत नाहीत, पीएचडीपासून लावतात. मारी क्युरी फेलोशिपला पीएचडीनंतरची आठ वर्षं चालतात आणि यजमान देशात आधी फार राहिलेलं असून चालत नाही. जर्मनीच्या हुम्बोल्टला पोस्टडॉक गटात चार वर्षं, अर्ज वर्षभर कधीही. पण हे ऐकून हुरळून जाऊ नये. मारी क्युरीला २०२४ मध्ये १०,००० हून अधिक अर्ज होते, २०२५ मध्ये १७,००० हून अधिक. अमेरिकेचा ओघ युरोपाकडं वळल्याचं हे एक चिन्ह. तिकडं एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या अनुदानांवर २०२५ मध्ये कात्री चालली, आणि पोस्टडॉकची जागा शेवटी कुणाच्या तरी अनुदानातूनच निघते.

मामांनी मग तिचा मेल बघायला मागितला. इंग्रजीतला. शिक्षकाची सवय, लाल पेन शोधत होते.

मामा : ‘आदरणीय सर, आपल्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत काम करण्याची मला मनापासून इच्छा आहे. मी कष्टाळू असून सांघिक भावनेनं काम करते.’ हे रजेच्या अर्जासारखं का लिहिलंस? यात त्याचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं तर काय बदलतंय?

भाची : काही नाही.

मामा : मग उत्तर कोण देईल? बारावीच्या पेपरात प्रश्न न वाचता पाठ केलेलं उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य द्यायचो.

दुसरा मेल तिनं माझ्यासमोर लिहिला, आणि तो या लेखातला सगळ्यांत कामाचा भाग आहे असं मी समजतो. सुरुवात अशी : ‘तुमच्या ताज्या लेखातल्या जाळीत पेशी वरच्या थरातच राहिलेल्या दिसतात. छिद्रं शंभर मायक्रॉनच्या खाली असल्यानं तसं होत असावं. मी गोठवण्याचा वेग कमी करून याच मिश्रणात दीडशे ते अडीचशे मायक्रॉनची छिद्रं मिळवली आहेत. आलेख जोडला आहे. पेशींवरचं काम मी स्वतः केलेलं नाही आणि तेच मला तुमच्याकडं शिकायचं आहे. अमुक फेलोशिपची मुदत अमुक महिन्यात आहे. तुमची तयारी असेल तर दोन पानांचा प्रस्ताव पाठवते.’ बस. कष्टाळूपणाचा उल्लेख नाही. काय येतं, काय येत नाही, पैसे कुठून येणार, तिन्ही सांगून मोकळी.

मामा : ‘काम केलेलं नाही’ हे कशाला लिहायचं? आपणहून उणे गुण?

भाची : मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला कळतंच. मग आधीच कळलेलं बरं.

आता कुठं, हा प्रश्न. मामांच्या डोक्यात बोस्टन किंवा काहीच नाही, अशी विभागणी. भाचीचा नकाशा वेगळा आहे आणि मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो. नांदेडहून देगलूरवरून जाणारा महामार्ग संगारेड्डीला उतरतो. तिथून जवळच कंदीला आयआयटी हैदराबाद, बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग असलेली. त्याच संगारेड्डी जिल्ह्यात सुलतानपूरला तेलंगणाचं वैद्यकीय उपकरणांचं पार्क. पुढं हैदराबादेत पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राची सीसीएमबी आणि एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था. या दोघी आणि आयआयटी, तिघांनी मिळून २०२२ मध्ये मानवी डोळ्याच्या ऊतीपासून केलेल्या शाईनं कॉर्निया छापला आणि सशाच्या डोळ्यात बसवून पाहिला. आपली माणसं डोळ्याच्या ऑपरेशनला देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसून हैदराबादला जातातच. त्याच गावात प्रयोगशाळेच्या दारातून आत जायचं, एवढंच.

पुण्याला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण तिथल्या भांडारातून मिळतात. पाषाणला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. आणि तिरुअनंतपुरमची श्रीचित्रा संस्था, जिचं नाव काढल्यावर मामा पहिल्यांदा सरसावून बसले.

मामा : ती हृदयाच्या झडपेवाली?

भाची : तीच. आधीची मॉडेलं फसली, मग डिसेंबर १९९० मध्ये पहिली झडप माणसात बसली. आजवर लाखाहून अधिक बसल्या. आता त्यांनीच डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी धुऊन काढून उरलेल्या जाळीचं जखमेवरचं आवरण केलंय, कोलेडर्म नावाचं, आणि त्याला केंद्राच्या औषध नियंत्रकांची मंजुरीही आहे. मधुमेहानं चिघळलेल्या पायाला असलं काही लागतं. असे पाय लातुरात कमी आहेत का?

मामा : पाय लई आहेत. पण नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी दवाखान्यात ऑक्टोबर २०२३ ला काय झालं ते विसरलीस? चोवीस तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ तान्ही लेकरं. तिथं साधी औषधं आणि माणसं पुरत नाहीत म्हणून सगळे ओरडायलेत, आणि तू पेशींना मांडव घालायलीस.

भाची : मी मांडव घातला नाही तर तिथं औषधं येणार आहेत का?

मामा : येणार नाहीत. पण तुझा मांडव बी तिथं येणार नाही.

मामांच्या या उत्तरात जोर आहे. भाचीनं ते खोडून काढलं नाही, बाजूनं गेली. म्हणाली, आपल्याकडं पदार्थ बनवणारा आणि जखम बांधणारा एकमेकांना ओळखतच नाहीत. रोज पट्टी बांधणाऱ्या सर्जनला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की छिद्रं सोड, ही जाळी ओली झाल्यावर टाक्याला फाटते. पीएचडीभर तिला हे कुणी सांगितलं नाही, कारण तिनं कुणा सर्जनला विचारलं नाही. तिला जायचंय तिथं सर्जन आणि रसायनशास्त्रवाले एका टेबलावर बसतात. मला हे पटलं. मामांना अर्धवट.

मामा : चल, धरलं. दोन वर्षं हैदराबादला काढलीस. आलीस परत. इथं काय? जागा निघत नाहीत, निघाली तर संस्थाचालक पहिला प्रश्न पेपर किती असा विचारत नाही, हे तुला बी ठाऊक आणि मला बी.

भाची : २०१८ च्या यूजीसी नियमावलीत पोस्टडॉकच्या दर वर्षाला छाननीत दोन गुण आहेत.

मामा : दोन! (मामा मनापासून हसले.) आणि तासिकांवर तास घेतले तर?

भाची : अनुभवाचे तेवढेच. जास्तीत जास्त दहा.

मामा : मग घरी बसून दोन गुण घे की.

भाची : मी इथल्या जागेसाठी जायलेच नाही मामा. आयआयटीत सहायक प्राध्यापक व्हायचं तर पीएचडीनंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. तेही नाही झालं तर कंपन्या. आता वैद्यकीय उपकरणांना २०१७ चे नियम लागू आहेत. शरीरात जाणारी प्रत्येक वस्तू पेशींना मारत नाही हे आयएसओ १०९९३ प्रमाणे सिद्ध करावं लागतं. ती चाचणी हातानं येणारी माणसं लागतात. पेशी वाढवता आल्या तर मला पुण्यात, हैदराबादेत, बेंगळुरात काम आहे. आलेख काढता येणाऱ्या पीएचडी ढिगानं पडल्यात.

मामा : म्हणजे तू परत येणार नाहीस, असं सरळ सांग.

भाची : नांदेडला येईन. नोकरीला कुठं असेन ते माहीत नाही.

नवऱ्याच्या बदलीचा, सासूच्या ‘अजून शिकतेच का’चा विषय इथं निघाला. त्यावर घरोघरी जे बोललं जातं तेच बोललं गेलं. नवरा बँकेत असल्यानं हैदराबादची शाखा मागता येते, एवढं नवीन.

मामा : बरं, माझं एक ऐक. पोरांना क्लास निवडायला लोक माझ्याकडं यायचे. मी सांगायचो, होर्डिंगवरच्या फोटोंवर जाऊ नका, मागच्या वर्षीच्या शंभर पोरांपैकी बाकीची ऐंशी कुठं आहेत ते विचारा. या तुझ्या प्राध्यापकाला बी तेच विचार. तुमच्याकडून आधी गेलेली चार माणसं आज काय करतात?

भाची : हे चांगलंय.

मामा : मग लिही की. मेलच्या शेवटी.

भाची : पहिल्याच मेलमध्ये नाही विचारत असलं. तो म्हणेल, आली नाही तोच हिशेब मागते.

मामा : मग कधी विचारायचं? रुजू झाल्यावर?

भाची : त्याला नाही विचारायचं. त्या चौघांना विचारायचं. त्यांची नावं त्याच्या पेपरांवर आहेत, सध्याचे पत्तेही सापडतात.

मामा : मग आधी त्यांना मेल कर. त्याला उद्या.

भाचीनं घड्याळ बघितलं, लॅपटॉप पुन्हा उघडला आणि पहिलं नाव शोधायला लागली. मामा चष्मा पुसून शेजारी येऊन बसले आणि विचारायला लागले, हा कोणता, हा आता कंपनीत दिसतोय का, याची पीएचडी कुठली.